वसंत आला, बर्फ सुटेना : ‘बेल्जिका’ जहाजाचा हिवाळा, १८९८-९९

मराठी मुलखात हिवाळ्याचा कंटाळा सहसा कोणाला येत नाही. हुरडा, शेकोटी, तिळगूळ, पहाटेचे धुके हे सारे त्याच ऋतूचे. आपल्याकडे माणूस त्रासतो तो वैशाखाला, आणि डोळे लावून बसतो ते मृगाकडे. त्यामुळे उत्तरेकडच्या देशांतील लोक वसंताची वाट पाहताना इतके व्याकूळ का होतात, हे आपल्याला अर्धेच कळते.

ते पुरते कळावे असा एक प्रसंग १८९८ साली पृथ्वीच्या दक्षिण टोकाशी घडला. अठरा माणसे, एक लाकडी जहाज आणि नऊ आठवड्यांहून अधिक काळ न उगवलेला सूर्य. अंटार्क्टिक वर्तुळाच्या आत माणसाने काढलेला हा पहिला हिवाळा. तो त्यांनी कसा काढला आणि सूर्य परतल्यावरही त्यांची सुटका का झाली नाही, याची ही हकीकत.

जहाजाचे नाव ‘बेल्जिका’. मूळचे ते नॉर्वेत १८८४ साली बांधलेले ‘पात्रिया’ नावाचे, देवमाशांच्या शिकारीचे जहाज. बेल्जियमच्या आरमारातील तरुण अधिकारी आद्रियां द जेर्लाश याने ते विकत घेऊन दुरुस्त केले आणि १६ ऑगस्ट १८९७ रोजी अँटवर्प बंदरातून दक्षिणेकडे हाकारले. तेव्हा त्याचे वय ३१. मोहिमेचा पैसा उद्योगपती एर्नेस्ट सॉल्वे, बेल्जियमचे सरकार आणि सामान्य जनतेची वर्गणी यांतून उभा राहिला होता. वर्गणीची ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण लोकांच्या पैशावर निघालेल्या माणसाला रिकाम्या हाताने परतणे फार अवघड असते.

जहाजावरची मंडळी नाना देशांची होती. अधिकारी मुख्यतः बेल्जियन, खलाशी बेल्जियन आणि नॉर्वेजियन. हवामान व भूगर्भाचा अभ्यास करणारा हेन्रिक आर्क्टोव्स्की पोलिश, प्राणिशास्त्रज्ञ एमिल राकोवित्सा रुमानियन. डॉक्टर फ्रेडरिक कुक हा अमेरिकन. तो तर रिओ दी जानेरो येथे जहाजावर चढला. २५ वर्षांचा एक उंचापुरा नॉर्वेजियनही होता, रोआल्ड अमुंडसेन. चौदा वर्षांनी दक्षिण ध्रुवावर पहिले पाऊल टाकणारा तोच हा.

दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर मोहिमेचा बराच वेळ गेला. अंटार्क्टिकाच्या दिशेने जहाज निघाले ते जानेवारी १८९८ च्या मध्यास, म्हणजे तिकडचा उन्हाळा अर्धा सरल्यावर. २२ जानेवारीला कार्ल विंके नावाचा कोवळ्या वयाचा खलाशी वादळात समुद्रात पडून गेला. तरीही पुढचे तीन आठवडे मोहिमेच्या दृष्टीने सोन्यासारखे ठरले. आज जेर्लाशच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या सामुद्रधुनीत त्यांनी वीस ठिकाणी किनाऱ्यावर उतरून नकाशे काढले, खडक आणि शेवाळ गोळा केले. इथूनच ते परतले असते तर मोहीम यशस्वीच म्हणावी लागली असती.

जेर्लाशने मात्र नाळ दक्षिणेकडेच ठेवली. फेब्रुवारीच्या अखेरीस वादळाने बर्फाच्या पट्ट्यात फटी पडल्या, आणि त्या फटींतून त्याने जहाज आत घातले. शास्त्रज्ञांचा या बेताला विरोध होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात फटी मिटल्या. ७१ अक्षांशाच्या आसपास, बेलिंग्सहाउझेन समुद्रात, ‘बेल्जिका’ चारी बाजूंनी गोठली.

जेर्लाशने हे जाणूनबुजून केले की त्याचा अंदाज चुकला? या प्रश्नावर आजही एकमत नाही. परंतु हंगामाची अखेर, शास्त्रज्ञांचा विरोध आणि मायदेशी वाट पाहणारे वर्गणीदार हे सारे एकत्र ठेवून पाहिले, तर हा निव्वळ अपघात होता असे मानणे कठीण जाते. दक्षिणेचा एखादा विक्रम पदरी पाडून घ्यावा आणि अडकलोच तर तोही एक विक्रमच ठरेल, असा काहीसा हिशेब त्यामागे दिसतो. त्या हिशेबात इतरांची संमती धरलेली नव्हती.

तयारीचे म्हणाल, तर मूळ बेत असा होता की चार माणसांनी व्हिक्टोरिया लँडवर हिवाळा काढावा आणि जहाज मेलबर्नला जावे. साहजिकच कडाक्याच्या थंडीचे कपडे चौघांपुरतेच होते. माणसे मात्र अठरा. अखेर घोंगड्या कापून त्यांचे अंगरखे शिवावे लागले.

आता दक्षिण गोलार्धाचे पंचांग थोडे समजून घेतले पाहिजे. तिकडे ऋतू उलटे. आपल्याकडे चैत्राची पालवी फुटते तेव्हा तिथे शरद लागलेला असतो, आणि आपल्याकडे पाऊस सुरू होतो तेव्हा तिथे ऐन हिवाळा. शिवाय ध्रुवाजवळ हिवाळा म्हणजे केवळ थंडी नव्हे. सूर्य रोज थोडा थोडा खाली सरकतो, दुपारच्या वेळी क्षितिजावर नुसता टेकतो आणि एके दिवशी वर येतच नाही. ‘बेल्जिका’वर तो दिवस १७ मे १८९८ हा होता.

काळोख पडण्यापूर्वीचे काही आठवडे बरे गेले. मंडळींनी सचित्र मासिकांतील स्त्रियांची चित्रे कापून चक्क सौंदर्यस्पर्धा भरवली, मते घेतली, वाद घातले. आज हे वाचताना हसू येते आणि थोडे पोटात कालवतेही. पुढे काय वाढून ठेवले आहे याची त्यांना कल्पना नव्हती. कोणालाच नव्हती, कारण असा हिवाळा तोवर कोणी काढलेलाच नव्हता.

सूर्य गेल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत पहिला बळी गेला. भूचुंबकत्वाची निरीक्षणे घेणारा एमिल दांको हा जेर्लाशचा मित्र. त्याचे हृदय आधीच दुबळे होते. ५ जून रोजी तो वारला. जमीन तर नव्हतीच. बर्फाला भोक पाडून, पायांना वजन बांधून त्याला खालच्या पाण्यात सोडण्यात आले. खांदेकरी परत जहाजावर आले ते गप्पच.

त्याच महिन्यात जहाजावरचे मांजरही मेले. प्रसिद्ध ध्रुवप्रवाशाच्या नावावरून त्याचे नाव नान्सेन ठेवले होते. खेळकर, सर्वांच्या मांडीवर बसणारे ते मांजर काळोखात हळूहळू चिडखोर झाले, कोपऱ्यात बसू लागले, खाईनासे झाले. मांजराला ना वर्गणीदारांची चिंता होती, ना घरची आठवण. तरीही ते खचले, याची दखल डॉक्टर कुकने आपल्या नोंदींत घेतली आहे.

या कुकविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. १८९१-९२ मध्ये तो रॉबर्ट पिअरीबरोबर ग्रीनलंडला गेला होता. तेथील इनुइट लोकांमध्ये राहून त्याने दोन गोष्टी पाहिल्या होत्या. एक, हे लोक भाजीपाल्यावाचून, ताजे आणि पुष्कळदा कच्चे मांस खाऊन धडधाकट राहतात. दोन, दीर्घ रात्रीचा परिणाम त्यांच्याही शरीरावर आणि मनावर होतो, आणि सूर्य परतला की तो ओसरतो. ज्यांना त्या काळचे बहुतेक गोरे प्रवासी रानटी समजत, त्यांच्याकडून हा डॉक्टर वैद्यक शिकून आला होता.

‘बेल्जिका’वर जूनपासून सर्वांची प्रकृती ढासळू लागली. चेहरे फुगले, घोट्यांवर सूज आली, कातडी पिवळट-हिरवट आणि तेलकट झाली. थोडे चालले तरी धाप लागे. नाडी कधी मंदावे, कधी भरमसाट धावे. झोप येईना, आणि जागेपणी कशात लक्ष लागेना. वाचायला घेतलेले पुस्तक तासभर त्याच पानावर राहावे. कोणी कोणाशी बोलत नसे, कारण प्रत्येकाच्या गोष्टी प्रत्येकाने ऐकून झाल्या होत्या. त्यात रोजचे जेवण म्हणजे डब्यांतले माशांचे आणि मांसाचे गोळे. त्या मऊ, बेचव गोळ्यांचा सर्वांना इतका वीट आला की त्यांच्या नावानेच शिव्या घातल्या जात.

यातला बराचसा भाग स्कर्व्हीचा होता. ताज्या अन्नाअभावी होणारा हा रोग खलाशांना शतकानुशतके ठाऊक होता, पण त्याचे खरे कारण असलेले क जीवनसत्त्व वेगळे काढले गेले ते १९२८ नंतर. कुकला रसायनशास्त्रातले कारण ठाऊक नव्हते, उपाय ठाऊक होता. जहाजाभोवतीच्या बर्फावर पेंग्विन आणि सील होते. त्यांचे मांस खा, शक्यतो अर्धेकच्चे खा, असा त्याने धोशा लावला.

अडचण अशी, की जेर्लाशला ते मांस मुळीच रुचत नसे. नायकच तोंड फिरवतो म्हटल्यावर इतरांनीही फिरवले. पेंग्विनच्या चवीची स्तुती खुद्द कुकनेही कधी केली नाही. तो ते औषध म्हणून देई. मृत्यूच्या दारात उभे राहूनही माणसे नावडते अन्न नाकारतात, ही गोष्ट आजारी माणसाची शुश्रूषा केलेल्या कोणालाही नवी वाटू नये.

जुलैत जहाजाचा दुसरा अधिकारी जॉर्ज लकवांत अंथरुणाला खिळला. त्याने आणि जेर्लाशनेही मृत्युपत्रे लिहून ठेवली. अशा अवस्थेत लकवांतने डॉक्टरांचे म्हणणे ऐकायचे कबूल केले. कुकने त्याला डब्यातले अन्न बंद केले, ताजे मांस सुरू केले आणि त्याखेरीज एक विलक्षण उपचार योजला. रोज ठरावीक वेळ रोग्याने उघड्या अंगाने धगधगत्या शेगडीसमोर बसायचे, ज्वाळांची ऊब आणि उजेड अंगावर घ्यायचा. खलाशी याला भाजणे म्हणत.

आठवडाभरात लकवांत उठून बसला. मग मात्र जेर्लाशसकट सर्वांनी पेंग्विन गिळायला सुरुवात केली.

कुकचा विचार असा होता की सूर्याचा अभाव हाच मूळ आजार आहे, आणि सूर्य आणता येत नाही तर त्याची नक्कल तरी करावी. लकवांतच्या बाबतीत मांसाने किती गुण दिला आणि शेगडीने किती, हे वेगळे काढणे अशक्य आहे. बहुधा मांसानेच अधिक. तरीही प्रकाशाच्या अभावाने मन आजारी पडते आणि प्रकाशानेच ते सुधारते, हे त्याचे निरीक्षण खोटे नव्हते. हिवाळ्यात येणाऱ्या या विषण्णतेला वैद्यकशास्त्राने स्वतंत्र नाव दिले ते १९८४ साली, अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनानंतर. आज उत्तरेकडच्या देशांत अशा रुग्णांना प्रखर दिव्यासमोर बसवतात.

कुकचा तिसरा नियम चालण्याचा. काळोखात, उणे तापमानात, जहाजाभोवती बर्फात वाट पाडून सर्वांनी रोज गोल गोल फिरायचे. खलाशांनी या वाटेला वेड्यांची रपेट असे नाव ठेवले होते. माणसे स्वतःवर हसू शकत होती तोवर बरे होते.

सूर्याची वाट पाहण्याचेही एक शास्त्र झाले. दुपारी बाराच्या सुमारास उत्तरेच्या क्षितिजावर फिकट लाली दिसे. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेला दिसतो. जून सरला तशी ती लाली रोज काकणभर वाढू लागली. लकवांत आणि जेर्लाश गणिते मांडून तारीख काढत, ढग ती खोटी ठरवत. अखेर जुलैच्या उत्तरार्धात एके दुपारी कोणी डोलकाठीवर चढले, कोणी बर्फाच्या उंचवट्यांवर, आणि क्षितिजावर काही क्षण सूर्याची कड दिसली. जल्लोष फारसा झाला नाही. बोलायला कोणाला सुचलेच नाही म्हणतात.

मात्र त्या उजेडाने एक गोष्ट उघडी केली. दिव्यांच्या मंद प्रकाशात इतके दिवस जे झाकले गेले होते ते सर्वांना एकमेकांच्या चेहऱ्यांवर दिसले. दोन महिन्यांत माणसे कित्येक वर्षांनी म्हातारी झाली होती.

महिनाअखेरीस कुक, अमुंडसेन आणि लकवांत हे तिघे घसरगाडी आणि तंबू घेऊन काही दिवस बर्फावर भटकून आले. जो लकवांत काही आठवड्यांपूर्वी मृत्युपत्र लिहीत होता, तो गाडी ओढत होता.

इथे हकीकत संपायला हवी होती. सूर्य आला, वसंत आला, बर्फ वितळला, जहाज सुटले, असा शेवट कोणालाही अपेक्षित असतो. जहाजावरच्या माणसांनाही तो होता.

आर्क्टोव्स्की आणि त्याचा पोलिश सहायक दोब्रोवोल्स्की यांनी वर्षभर, अंटार्क्टिक वर्तुळात प्रथमच, तासातासाला तापमान, वारा आणि वायुभार यांची नोंद ठेवली. त्या नोंदवहीत सर्वांत कमी तापमान कोणत्या महिन्यात सापडावे? काळ्याकुट्ट जूनमध्ये नव्हे, जुलैतही नव्हे. सप्टेंबरमध्ये, उणे ४३ अंश सेल्सियस. पंचांगाप्रमाणे वसंत लागला त्याच महिन्यात. त्याचे कारण सोपे आहे. सूर्य परतला तरी तो क्षितिजाला धरून तिरपा फिरतो, आणि पांढरा बर्फ त्याची बहुतेक उष्णता जशीच्या तशी परतवून लावतो. समुद्रावरचे बर्फ या काळात वाढतच असते.

ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर उजाडला. आता सूर्य मावळेना. ज्या प्रकाशासाठी जीव टाकला होता तो चोवीस तास डोळ्यांवर येऊ लागला आणि झोप पुन्हा उडाली. बर्फ मात्र तसूभर हलला नाही. खरी निराशा या काळातली आहे असे वाटते. जूनमध्ये निदान वाट पाहण्यासारखे काही होते. नोव्हेंबरमध्ये ज्याची वाट पाहिली तो समोर उभा होता, आणि त्याच्याने काही होत नव्हते. अ‍ॅडम टोलेफसेन या नॉर्वेजियन खलाशाचा तोल पुरता ढळला. सोबती आपल्याला मारणार या भयाने तो तळघरात दडून झोपू लागला.

याच नोव्हेंबरात अमुंडसेनने राजीनामा दिला! जेर्लाशला काही झाल्यास मोहिमेचे नेतृत्व आपल्याकडे येऊ नये असा करार परस्पर झाल्याचे त्याला समजले, आणि मानी माणसाने त्याच क्षणी आपण मोहिमेचे कोणी नाही असे जाहीर केले. राजीनामा देऊन जायचे कुठे, हा प्रश्न होताच. तो त्याच जहाजावर राहिला, तीच कामे करीत राहिला.

डिसेंबर म्हणजे तिथला भर उन्हाळा. तोही कोरडा गेला. शिधा किती उरला आहे आणि त्यात किती दिवस निभतील याची मोजदाद सुरू झाली. दुसरा हिवाळा काढावा लागला तर सगळे जगणार नाहीत, हे डॉक्टरच्या लेखी उघड होते. वर्ष पालटताना जहाजापासून सात-आठशे मीटरवर मोकळ्या पाण्याचे एक तळे दिसत होते. कुकने सुचवले, की बर्फ कापून तिथवर कालवा काढावा.

सूचना वेडगळ वाटावी अशीच होती. बर्फाची जाडी कित्येक ठिकाणी मीटरभराहून अधिक. स्फोटके होती, पण त्यांनी बर्फाला नुसती भोके पडत. उरल्या करवती. जानेवारी १८९९ मध्ये शास्त्रज्ञ, अधिकारी, खलाशी, स्वयंपाकी असे सारे पाळ्या लावून, न मावळणाऱ्या उन्हात बर्फ कापू लागले. करवतीने लादी सुटी करायची, हुकांनी आणि दोरांनी ओढत मोकळ्या पाण्यात ढकलायची. सहा महिन्यांपूर्वी या माणसांना जिना चढवत नव्हता. आता ती दिवसाचे आठ तास करवत ओढत होती. पेंग्विनच्या मांसाला शिव्या देणे मात्र चालूच होते.

जानेवारी संपता संपता कालवा जवळपास पुरा झाला. आणि वारा फिरला. दोन्ही बाजूंच्या बर्फाने दाब दिला, आणि आठवड्यांच्या मेहनतीची वाट डोळ्यांदेखत आवळून मिटली. काहींनी त्या दिवशी आशा सोडली, आणि त्यांना दोष देता येत नाही.

फेब्रुवारीच्या मध्यास दाब ओसरला. १५ फेब्रुवारीला कालव्याची वाट पुन्हा उघडली आणि जवळजवळ वर्षभर थिजलेल्या जहाजाचे इंजिन धडधडू लागले. ‘बेल्जिका’ तळ्यात पोचली. तिथून खुल्या समुद्राकडे सरकताना पुन्हा बर्फाने अडवले. सुमारे ११ किलोमीटर जायला जवळपास एक महिना लागला. हिमनगांच्या टकरीपासून जहाजाच्या कुशी वाचवण्यासाठी पेंग्विनची कातडी बाहेरून बांधली होती, अशी हकीकत आहे. १४ मार्च १८९९ रोजी जहाज बर्फाबाहेर आले. तिथला नवा हिवाळा तेव्हा उंबरठ्यावरच होता.

२८ मार्चला ते चिलीतील पुंता अरेनास येथे पोचले. ज्या वसंताची त्यांनी इतकी वाट पाहिली तो त्यांना दक्षिणेत कधीच भेटला नाही. बर्फात शिरताना उन्हाळ्याची अखेर होती आणि बाहेर पडतानाही तीच.

जेर्लाश नोव्हेंबर १८९९ मध्ये अँटवर्पला परतला, सन्मान झाले, वर्गणीदार तृप्त झाले. दांकोचे आणि विंकेचे नाव तिकडच्या भूमीला देण्यात आले. टोलेफसेन मायदेशी परतला तो मनाने कधीच परतला नाही. मोहिमेच्या शास्त्रीय नोंदी छापून व्हायला कित्येक वर्षे लागली. भारताच्या पहिल्या अंटार्क्टिक मोहिमेचे जहाज डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाले आणि पुढे १९८४ साली ‘दक्षिण गंगोत्री’ केंद्रावर भारतीयांनी पहिला हिवाळा काढला, तोवर अशा रात्रीला कसे तोंड द्यावे याचे ज्ञान जगाने पुष्कळ जमवले होते. त्याची पहिली वही ‘बेल्जिका’ची.

अमुंडसेन यातून जे शिकला ते त्याने आयुष्यभर वापरले. ताजे मांस, इनुइटांसारखे कातडी कपडे, सोबत्यांच्या मनाची काळजी. १४ डिसेंबर १९११ रोजी तो दक्षिण ध्रुवावर पोचला आणि सर्व सोबत्यांसह सुखरूप परतला.

कुकची कहाणी उलट्या दिशेने गेली. १९०८ साली आपण उत्तर ध्रुव गाठल्याचा दावा त्याने केला, तो बहुतेकांनी खोटा ठरवला. पुढे तेलाच्या कंपनीच्या समभागांत फसवणूक केल्याबद्दल १९२३ मध्ये त्याला जवळजवळ पंधरा वर्षांची शिक्षा झाली. ‘बेल्जिका’वरचा डॉक्टर आणि हा आरोपी एकच माणूस, हे पटवून घेणे जड जाते, पण दोन्ही गोष्टी कागदोपत्री आहेत. १९२६ मध्ये अमुंडसेन अमेरिकेत व्याख्याने देत असताना लेव्हनवर्थच्या तुरुंगात त्याला भेटायला गेला. कीर्तीच्या शिखरावरच्या माणसाने एका कैद्याला भेटणे अनेकांना खटकले. अमुंडसेनने त्याची पर्वा केली नाही. आपण जिवंत आहोत ते कोणामुळे, हे तो जाणून होता.

कुकला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची माफी मिळाली १९४० साली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो वारला. ‘बेल्जिका’देखील त्याच वर्षी, महायुद्धाच्या धामधुमीत, नॉर्वेच्या उत्तर टोकाकडे हार्स्टाडजवळ बुडाली.